सगळंच रक्त मूळव्याधीचं नसतं

'मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज'. ही पाटी भिंतीवर नसलेलं एसटी स्टँड महाराष्ट्रात शोधावं लागेल. त्यामुळे शौचावाटे रक्त दिसलं की माणूस निदान स्वतःच करून मोकळा होतो. उष्णता वाढली म्हणायचं, तिखट बंद करायचं, ताक आणि इसबगोल सुरू. बहुतेक वेळा निदान बरोबरच निघतं, आणि गोची तिथेच आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही असंच अधूनमधून पडतं आणि मधे आपोआप थांबतं. थांबलं की औषध लागू पडलं असं वाटतं, आणि सहा महिने निघून जातात.

खरं तर हा कॅन्सर घाईतला नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक छोटा मऊ उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा उंचवट्याच्या पेशींत एकामागून एक जनुकं बिघडत जातात. बहुतेकदा पहिला नंबर एपीसी नावाच्या जनुकाचा. पुरेसे बिघाड साठले की कॅन्सर होतो. या सगळ्याला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. बहुतेक पॉलिप तर तिथवर पोचतही नाहीत.

म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं, ही नुसती तपासणी नाही. दुर्बिणीच्या नळीतून तारेचा बारीक फास आत सोडतात, पॉलिपच्या मुळाशी आवळतात, लागलाच तर विजेचा हलका प्रवाह देतात आणि पॉलिप कापून बाहेर काढतात. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. आतडं साफ होण्यासाठी आदल्या रात्री पावडर कालवलेलं ते खारट-गोडसर पाणी लिटरच्या हिशेबात पिणं हाच बहुतेकांना खरा त्रास वाटतो.

प्रत्येकाला दुर्बीण घालणं शक्य नसतं. म्हणून बऱ्याच देशांत आधी शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते तपासतात. जुन्या चाचणीआधी मटण, मुळा, फ्लॉवर बंद ठेवावं लागे, कारण त्यांच्यामुळेही ती फसायची. आताची 'फिट' चाचणी फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखते, त्यामुळे बोकडाचं मटण खाल्लं तरी बिघडत नाही. शिवाय जठरात सांडलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं. म्हणजे चाचणी सकारात्मक आली तर रक्त बहुधा खालच्या भागातलंच. मग मात्र कोलोनोस्कोपी टाळायची नाही.

फायदा किती, याबाबत जाहिरातबाजी नको. 2022 मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे 85 हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. कोलोनोस्कोपीचं निमंत्रण दिलेल्या गटात दहा वर्षांत या कॅन्सरचं प्रमाण 0.98 टक्के, निमंत्रण न दिलेल्यांत 1.20 टक्के. मृत्यूंमधला फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. पण निमंत्रितांपैकी जेमतेम 42 टक्के लोकांनीच तपासणी करून घेतली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

अमेरिकेत 2021 पासून 45 व्या वर्षी तपासणी सुरू करायला सांगतात. भारतात या कॅन्सरचं प्रमाण तिथल्यापेक्षा बरंच कमी आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचीच तपासणी होते, आणि मला ते योग्यच वाटतं. पचनमार्गाची सुरुवात तोंडापासून होते आणि तंबाखूची गोळी तिथेच दाबून ठेवलेली असते! दारू, लठ्ठपणा आणि बैठं काम मात्र आतड्यालाही भोवतं.

सरसकट तपासणी नसली तरी काही जणांनी वाट पाहू नये. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्यांना कितव्या वर्षी झाला ते घरात विचारून ठेवा. त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिसाव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी करावी असा सर्वसाधारण नियम आहे. दुसरे, पन्नाशीच्या पुढचे पुरुष आणि पाळी थांबलेल्या बायका, ज्यांचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरतं. घरचे बीट आणि खजुरावर जोर देतात, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, आकडा थोडा वरही येतो. पण रक्त जातंय कुठे, हे कुणी विचारत नाही. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ डोळ्यांना न दिसेल इतकं थोडंथोडं रक्त महिनोन्‌महिने गाळत राहते.

आणि रक्त दिसलंच, तर पाटीवरच्या नंबरावर फोन करण्याआधी सर्जनकडे जा. गुदाशयाच्या खालच्या टोकाची गाठ हातमोजा घातलेल्या बोटालाही लागू शकते. ही तपासणी एका मिनिटाची, तिला यंत्र लागत नाही. पेशंट लाजतो, म्हणून घाईतला डॉक्टरही ती सोडून देतो आणि मलम लिहून देतो. अशा वेळी 'आतून तपासा' असं आपणच म्हणावं. बोटाला काही लागलं नाही आणि तरी रक्त पडत राहिलं, तर दुर्बिणीची तपासणी कधी करायची हेही तिथेच विचारून घ्यावं.