ग्रामसभेची तेंदूपत्ता फळी

विड्या वळायला लागणाऱ्या तेंदूपानांचे संकलन ठेकेदाराकडून ग्रामसभेच्या हाती आल्यावर गडचिरोली, गोंदिया परिसरात उभी राहिलेली कामाची व्यवस्था. फळी म्हणजे पानांचे पुडे (जुड्या) मोजून घेण्याची आणि वाळवण्याची जागा : गावालगतचे उघडे मैदान, एक मांडव, एक वही. हंगाम मे महिन्यातला, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा.

तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या राज्य कायद्याने शासनाच्या ताब्यात होता. वन विभाग लिलाव करी, ठेकेदार युनिट (संकलनासाठी आखलेला जंगलाचा भाग) घेई, त्याचा फळीमुन्शी, म्हणजे फळीवरचा कारकून, माल मोजून घेई. पाने तोडणारा सगळ्यांत खाली. पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, १९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी गावाला दिली. २०१३ च्या सुमारास काही ग्रामसभा स्वतः विक्रीत उतरल्या. पेसा क्षेत्रात ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात : लिलाव वन विभागावर सोपवणे, किंवा सगळे स्वतः करणे. दुसरा पर्याय घेतला की समिती, बँक खाते, ठराव, खरेदीदाराशी करारनामा असा सारा कारभार गावाच्या अंगावर येतो.

मात्र ठरावाने ढाचा बदलतो, रीत नाही. रीत कळते ती संध्याकाळच्या मोजणीत. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, मजुरी शंभर पुड्यांमागे. पहाटे तोडलेली पाने घरातली सगळी माणसे दुपारभर जुळवून बांधतात आणि उन्हे कलली की टोपली फळीवर येते. ठेकेदारीत मुन्शी ‘पान बारीक आहे’ म्हणून पुडे बाजूला सारी, शंभरावर वरकड पुडे मागे. हुज्जत घालणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच पुढे उभे राहायचे असे. ग्रामसभेच्या फळीवर मोजणारा गावचाच पोरगा असतो. पुडे रांगेने मांडून मोठ्याने मोजायचे, आकडा वहीत आणि मजुराच्या कार्डावरही लिहायचा. एवढीशी गोष्ट, पण चारचौघांसमोर मोजणी झाली की लबाडीला जागा उरत नाही.

सगळीकडे हे साधलेले नाही. पानाची पारख जुन्या मुन्शीलाच, म्हणून कित्येक गावांनी त्यालाच कामावर ठेवले; त्याच्याबरोबर त्याचा दराराही आला. सभेत हिशेब वाचला जातो, पण वही समजणारे दोघे-तिघेच असतील तर गावाला नवा मालक मिळाला एवढेच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. तसा सराव नसलेल्या गावांना फळी जड जाते.

बाजाराचा धक्काही आता थेट बसतो. २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, त्याची झळ दराला लागली. वाळवून, गोणीत भरून माल विकायचा तर अवकाळी पावसाने भिजलेल्या पुड्यांचे नुकसानही गावाचेच. पूर्वी रात्री विजा चमकल्या की ठेकेदाराची माणसे धावत. आता फळीवर ताडपत्र्या घेऊन गावकरीच पळतात.