बटण ओढू नका
(जुनी अमेरिकन रेल्वे घड्याळं वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन या अमेरिकन कंपन्यांची खिशातली रेल्वे घड्याळं आमच्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात: ‘चावी घेतं, पण वेळ लागत नाही’ आणि ‘बटण नुसतं गरगर फिरतं’. मशीन बहुधा ठणठणीत असतं. बिघडलेली असते ती केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) मानेतली स्लीव्ह (बटणाचा दांडा धरणारी नळी), कारण वेळ लावायला कुणीतरी बटण ओढलेलं असतं.

या घड्याळांत बटण बहुधा चावी देण्यापुरतंच. वेळ लावायची दांडी तबकडीच्या कडेला, काचेच्या रिंगखाली दडलेली असते. रिंग सहसा आट्यांची असते; तळहात काचेवर सपाट टेकवून काट्यांच्या उलट्या दिशेने फिरवा. बिजागरीची असेल तर कडेला नखापुरती खाच सापडेल. दांडी बहुतेकदा १ किंवा २ च्या आकड्याजवळ असते. ती नखाने सरळ बाहेर ओढा, वर उचलू नका. चिमटा, टाचणी अजिबात नको; तबकडी मिन्याची असते, एकदा टवका उडाला की तो भरून येत नाही. आता बटण फिरवा, काटे हलतील. सेकंदकाटा थांबत नाही, म्हणून तो ६० वर येताना मिनिटकाटा रेघेवर आणायचा. मग दांडी पूर्ण आत ढकला आणि त्यानंतरच रिंग लावा. दांडी बाहेर राहिली तर रिंग नीट बसत नाही आणि बटण फिरवलं तरी चावी बसत नाही.

बटण ओढलं तर काय होतं? स्लीव्हमध्ये पोलादाच्या लवचीक बोटांनी दांडा धरलेला असतो. ओढला की ‘टक’ असा आवाज येतो, जणू वेळ लावायची जागा आली! प्रत्यक्षात दांडा मशीनमधून सुटलेला असतो. मशीन केसबाहेर काढताना आम्ही नेमकं हेच करतो. काटे हलले नाहीत म्हणून आणखी जोर लावला की बोटं मोडतात. स्लीव्हची मापं अनेक, जुळणारी शोधण्यातच आमचे दिवस जातात. ‘टक’ झालंच असेल, तर बटण हलक्या हाताने आत दाबून पाहा. नाही बसलं तर तसंच घेऊन या.

दांडी लपवण्याचा हा खटाटोप कारखान्यांनी हौसेने केलेला नव्हता. अमेरिकेत एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या वेळापत्रकाच्या भरवशावर सायडिंगला (बाजूच्या रुळावर) एकमेकींना वाट देत. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली, तरी खिशातलं घड्याळ चुकलं की सगळंच चुकलं. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिनचालकाचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे घड्याळ तपासणीचं काम आलं आणि नियम कडक होत गेले: उघडी तबकडी, बटण १२ जवळ, १६ किंवा १८ साइज (मशीनचं अमेरिकन माप), किमान १७ ज्वेल (चाकांचे आस टेकतात ते खडे), पाच स्थितींत (घड्याळ आडवं-उभं ठेवून) जुळवणी, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. आतली दांडीही त्यातलीच. खिशातून काढताना बटण चुकून ओढलं जाऊन काटे सरकू नयेत, एवढाच हेतू.

केसवर इंजिनाचं चित्र आहे म्हणून घड्याळ रेल्वेचं ठरत नाही. सात ज्वेलच्या स्वस्त मालावरही ते कोरलेलं असे. मागचं झाकण उघडून मशीनवरची अक्षरं वाचा. साल विचारणाऱ्यांनीही मशीनवरच्या नंबरचा फोटो पाठवावा. केस बहुधा वेगळ्या कंपनीची आणि वेगळी विकत घेतलेली असे, त्यामुळे तिच्या नंबरावरून मशीनचं साल कळत नाही.

‘नुसतं तेल टाकून द्या’ हे काम आम्ही घेत नाही. जुन्या चिकट तेलावर नवं तेल म्हणजे झीज वाढवणं. मशीन पूर्ण खोलून धुतो आणि चावीची जुनी निळी स्प्रिंग थकली असेल तर बदलतो. मग तबकडी वर, तबकडी खाली, बटण वर, डावीकडे, उजवीकडे असं आठवडाभर चालवून नोंद ठेवतो. ‘इतके दिवस कशाला?’ असं विचारलं जातं. ३० सेकंदांचा हिशेबच आठवड्याचा आहे, तो दोन दिवसांत कसा लागणार? नोंदीचा कागद घड्याळासोबत मिळतो. केसला पॉलिश मात्र सांगितल्याशिवाय करत नाही, कोरीवकाम झिजतं.

कुरियरने पाठवताना दांडी आत आहे ना, हे पाहा. साखळी काढून वेगळी गुंडाळा, नाहीतर वाटेत काचेवर आपटत राहते.