बिघाडांतून जन्मलेली साधनं : पिंगपासून वायरशार्कपर्यंत

नेट बंद पडलं की आधी राउटरला पिंग मारायचा, म्हणजे हाक देऊन उत्तर येतं का बघायचं, मग ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा आकडी पत्ता), मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. राउटर बोलतो पण बाहेरचं काहीच बोलत नाही, तर लाइन गेली. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा डीएनएस बघायचा. घरचं फायबर असो की चार मजल्यांचं ऑफिस, नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या बोटांना हा क्रम सवयीचा असतो. त्यापुढे वाटेतले टप्पे दाखवणारा ट्रेसरूट, आणि तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्यक्ष पॅकेटं (माहितीचे छोटे गठ्ठे) दाखवणारे टीसीपीडम्प किंवा वायरशार्क. ही साधनं कुणी एकत्र बसून आखलेली नाहीत. कुठेतरी काहीतरी अडलं, तिथल्या माणसाने ते शोधायला एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो पुढे सगळ्यांचा झाला. तो मुळात कशासाठी लिहिला होता हे माहीत नसलं, की त्याचं उत्तर चुकीचं वाचलं जातं. त्या चुकांपायी भल्याभल्यांचे दिवस वाया जाताना दिसतात, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीच्या काळात नेटवर्कची तब्येत बघणं हे एका खोलीचं काम होतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या अमेरिकी पूर्वजात, प्रत्येक ठिकाणी ‘आयएमपी’ नावाचं यंत्र असे, म्हणजे आजच्या राउटरचा पूर्वज. ही यंत्रं बीबीएन या कंपनीने बनवलेली होती आणि ती आपली खबर मॅसॅच्युसेट्समधल्या तिच्या नियंत्रण कक्षाला नेमाने कळवत. कुठली लाइन पडली, कुठलं यंत्र गप्प झालं, हे तिथे बसलेल्यांना दिसे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे सगळं नेटवर्क काही तास जवळजवळ ठप्प झालं. ही घटना जरा थांबून बघण्यासारखी आहे. प्रत्येक आयएमपी आपल्या लाइनींची स्थिती इतरांना कळवत असे आणि प्रत्येक संदेशावर ० ते ६३ मधला एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०. त्यामुळे दोन संदेशांपैकी नवा कोणता, हे त्या वर्तुळात कोण कोणाच्या पुढे आहे यावरून ठरायचं. त्या दिवशी मेमरीतले बिट गळाले आणि ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या नावाने एकाच वेळी तीन संदेश फिरू लागले : ४४, ४० आणि ८. बायनरीत लिहिलं तर १०११००, १०१०००, ००१०००. एकेक बिट शून्य होत गेलेला स्पष्ट दिसतो. नियमाप्रमाणे ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा, आणि वर्तुळ ओलांडून मोजलं की ४४ पेक्षा ८ नवा. दगड-कागद-कात्रीसारखं प्रत्येक जण दुसऱ्याला हरवत राहिला. प्रत्येक यंत्र प्रत्येक संदेश ‘नवीन’ समजून शेजाऱ्यांना पाठवत राहिलं आणि दुसऱ्या कामाला कुणाला वेळच उरला नाही.

एखादं यंत्र बंद करून चालू केलं तरी उपयोग नव्हता, कारण शेजारी तेच तीन संदेश त्याला पुन्हा देत. शेवटी काही यंत्रांच्या मेमरीची नक्कल काढून बघितल्यावर रांगांमध्ये ५० च्याच संदेशांची गर्दी दिसली. मग ‘५० चे संदेश टाकून द्या’ एवढा एक तात्पुरता बदल यंत्रायंत्रांत भरावा लागला. बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये आरएफसी ७८९ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि टिपणं यांची क्रमांकित मालिका) या प्रकाराचा अहवाल लिहिला. बिघाडाचा अहवाल कसा असावा याचा तो आजही माझ्या मते उत्तम नमुना आहे. कुणावर ठपका नाही, काय घडलं आणि का घडलं याची सरळ मांडणी आहे. तारेवरून जाताना पॅकेट तपासलं जात होतं, पण मेमरीत पडून असताना तपासलं जात नव्हतं, हे त्यातलं कळीचं निरीक्षण. चाळीस वर्षांनंतरही खराब रॅम लागलेला स्विच शोधताना ते आठवतं.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपी या आजच्या इंटरनेटच्या नियमावलीवर आलं आणि एका नियंत्रण कक्षातून सगळं बघण्याचे दिवस संपत आले. आता वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या बनावटीची नेटवर्कं एकमेकांना जोडली जाऊ लागली. मधल्या यंत्रांनी शक्य तितकं कमी काम करायचं, शहाणपण टोकाच्या संगणकांत ठेवायचं, अशी ती रचना होती. त्यामुळे ‘मध्ये काय बिघडलं’ हे सांगणारं हक्काचं कुणी राहिलं नाही. सोय होती ती एवढीच : जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये मांडलेला आयसीएमपी. अडचण आली तर पाठवणाऱ्याला कळवायचे काही ठरावीक संदेश, आणि त्यांत ‘एको’ नावाची एक जोडी. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने तीच परत करायची.

त्या जोडीचा पिंग झाला तो डिसेंबर १९८३ मध्ये. माइक म्यूस हे अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत. तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्याच वर्षी जुलैत नॉर्वेत झालेल्या बैठकीत डेव्ह मिल्स जे बोलले होते ते त्यांना आठवलं. मिल्स एको पॅकेटची वेळ मोजून वाटेतला विलंब काढत असत. म्यूस यांनी प्रोग्रॅम लिहिला, तो कंपाइलही झाला, पण चालेना, कारण कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, तशा पॅकेटची सोयच नव्हती. मग तीही त्यांनी रातोरात लिहिली. सूर्योदयापूर्वी सगळं तयार झालं, पण तोवर त्यांचे सहकारी चक केनेडी यांनी खराब हार्डवेअर शोधून दुरुस्त केलेलं होतं. ज्या बिघाडासाठी पिंग जन्मला, त्याच्या तो कामी आलाच नाही. नाव पाणबुडीच्या सोनारवरून घेतलेलं. बर्कलीच्या युनिक्समधून तो जगभर गेला. म्यूस यांचा २० नोव्हेंबर २००० रोजी मोटार अपघातात मृत्यू झाला.

म्यूस यांनी नोंदवलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका ॲडमिनकडे इथरनेटचा जोड कुठेतरी सैल होता आणि मधूनमधून तुटत होता. त्याने पिंगचं उत्तर आलं की संगणक मोठ्याने ‘पिंग’ बोलेल अशी व्यवस्था केली, आवाज वाढवला आणि इमारतभर फिरून एकेक कनेक्टर हलवत गेला. आवाज थांबला तिथे बिघाड. पिंगचा स्वभाव यात नेमका दिसतो. वाट आहे की नाही आणि जाऊन यायला किती वेळ लागला, एवढंच तो सांगतो.

वाट कुठून जाते हे शोधायचा जुना मार्ग म्हणजे पॅकेटमध्येच पत्ते नोंदवून घ्यायचे. पण आयपी हेडरमध्ये त्यासाठी जागा नऊ पत्त्यांपुरतीच. नेटवर्क वाढलं तसं ते अपुरं पडलं. १९८७-८८ च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डिअरिंग यांच्या सूचनेवरून ट्रेसरूट लिहिला. त्यातली युक्ती अप्रतिम आहे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेटं कायमची गोल फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही तजवीज. जेकबसन यांनी मुद्दाम टीटीएल १ ठेवून पॅकेट पाठवलं, मग २, मग ३. प्रत्येक वेळी पुढचा राउटर ‘टाकून दिलं’ म्हणून कळवतो आणि तसं करताना आपला पत्ता देतो.

म्हणजे ट्रेसरूट चालतो तो अडचण कळवणाऱ्या संदेशांवर, आणि ते पाठवणं हे राउटरचं मुख्य काम नाही. पॅकेटं पुढे ढकलणारी चिप वेगळी, अशी उत्तरं लिहिणारा प्रोसेसर वेगळा आणि हळू, शिवाय त्यावर मर्यादा घातलेली. म्हणून मधल्या पाचव्या टप्प्यावर तीन चांदण्या (म्हणजे उत्तर आलं नाही) दिसल्या किंवा तिथेच विलंब २०० मिलिसेकंद दिसला आणि सहाव्या टप्प्यापासून सगळं सुरळीत असलं, तर पाचव्यात काही बिघडलेलं नाही. पॅकेटं हरवणं किंवा विलंब पुढच्या सगळ्या टप्प्यांवर टिकून राहिला तरच तो खरा. हे न समजल्यामुळे सेवा देणाऱ्या कंपनीशी निष्फळ वाद घालणारे रोज भेटतात. दुसरी मर्यादा म्हणजे ट्रेसरूट फक्त जाण्याची वाट दाखवतो. परतीची वाट वेगळी असू शकते आणि ती बघायची तर समोरच्या टोकावरून उलटा ट्रेस घ्यावा लागतो. आणखी एक : मूळ ट्रेसरूट यूडीपी या साध्या प्रकारची पॅकेटं पाठवतो, कारण आयसीएमपीबद्दल आयसीएमपी संदेश पाठवायचा नाही असा नियम होता आणि त्या काळचे अनेक राउटर तो काटेकोर पाळत. विंडोजचा ट्रेसर्ट मात्र एको पाठवतो. एकाच जागेवरून दोन्हींचे निकाल वेगळे आले तर बहुधा वाटेतली फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) दोघांना वेगळं वागवते आहे.

आपल्याकडे ट्रेसरूटने एक मोठी गोष्ट उघड दिसायची. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट १९८६ मध्ये सुरू झालं, त्यात मुंबईतून जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी होती. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सेवा सुरू केल्यावर. पुढे खासगी कंपन्या आल्या, पण त्या आपसात जोडलेल्या असतीलच असं नव्हतं. मुंबईतल्या एका ग्राहकाचं पॅकेट मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना परदेशात जाऊन परत येई. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. या हिशेबाने शहरातल्या शहरात दोन-चार मिलिसेकंद लागायला हवेत. तिथे दोनशेच्या पुढे आकडा दिसला की पॅकेटने समुद्र ओलांडलाय हे नावं न वाचताही कळे. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह मोठ्या शहरांत देवाणघेवाणीची केंद्रं उभी राहिली.

जेकबसन यांचं नाव पुन्हा घ्यावं लागतं, कारण पुढचं साधनही त्याच प्रयोगशाळेतलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये तिथून बर्कली विद्यापीठापर्यंत, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात, वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. तारा ठीक होत्या, यंत्रंही चालू होती. गर्दी झाली की संगणक अधीर होऊन तीच पॅकेटं पुन्हा पाठवत आणि त्याने गर्दी आणखी वाढे. उपाय म्हणून जेकबसन आणि माइक करेल्स यांनी टीसीपीला गर्दी ओळखून हात आखडता घ्यायला शिकवलं. आपण आज वापरतो तो टीसीपी त्याच दुरुस्तीवर उभा आहे. पण असे प्रश्न पिंगने कळत नाहीत, त्यासाठी प्रत्यक्ष पॅकेटं बघावी लागतात. जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी १९८८ च्या सुमारास टीसीपीडम्प लिहिला. हवी तेवढीच पॅकेटं कर्नेलमध्येच चाळून वर पाठवायची त्यांची पद्धत, बीपीएफ, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. लिनक्समधला आजचा ईबीपीएफ तिचाच वंशज.

बाजारात पॅकेट बघायची यंत्रं होतीच. नेटवर्क जनरल कंपनीचा ‘स्निफर’ १९८६ पासूनचा. पण ती महाग होती आणि लहान सेवादात्याला परवडत नसत. अशाच एका लहान कंपनीत काम करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथरिअल’ मोफत खुलं केलं. २००६ मध्ये नोकरी बदलल्यावर जुनं नाव वापरायचा हक्क राहिला नाही, तेव्हापासून ते वायरशार्क. ज्याला नेटवर्क शिकायचंय त्याने घरी बसून एकदा तरी टीसीपीची सुरुवातीची तीन पॅकेटं त्यात उघडून बघावीत.

आलेखांची गोष्ट थोडक्यात. १९९४ मध्ये टोबियास ओटिकर लेस्टरच्या डी मॉंटफोर्ट विद्यापीठात होते. हजाराहून जास्त संगणक आणि बाहेर जायला ६४ केबीपीएसची एकच लाइन. ती किती भरली आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी एमआरटीजी लिहिला. तो दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (यंत्रांची स्थिती विचारायच्या ठरावीक पद्धतीने) राउटरचा मोजणीचा आकडा, म्हणजे आतापर्यंत किती बाइट गेले ते, विचारतो. तो आकडा ३२ बिटांचा असेल तर १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर पाच मिनिटं आणि चाळीस-एक सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, गिगाबिट लाइनवर ३४ सेकंदांत. जुन्या पद्धतीने गिगाबिट पोर्टचा आलेख काढला तर तो धादांत खोटा निघतो. ६४ बिटांचे काउंटर वापरायचे ते यासाठी.

शेवटी आयसीएमपीकडे परत यावं लागतं. १९९६ च्या अखेरीस ‘पिंग ऑफ डेथ’ आला : ६५,५३५ बाइटपेक्षा मोठं पॅकेट जुळवताना समोरचा संगणक कोसळे. पाठोपाठ ‘स्मर्फ’ : खोट्या पत्त्यावरून अख्ख्या नेटवर्कला हाक मारायची आणि सगळ्यांची उत्तरं एकाच बळीवर आदळवायची. घाबरून ॲडमिननी आयसीएमपी सरसकट बंद करायला सुरुवात केली. त्या दोन्ही पळवाटा केव्हाच बुजल्या, तो नियम मात्र फायरवॉलमधून फायरवॉलमध्ये नकलला जात राहिला. त्याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो तो पॅकेटच्या आकाराबाबत. वाटेत लहान क्षमतेचा टप्पा असेल तर राउटर आयसीएमपीनेच ‘पॅकेट मोठं आहे’ असं कळवतो. तो संदेश अडला की लक्षणं चक्रावून टाकतात. पिंग चालतो, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल किंवा एखादं पान मात्र अर्ध्यावर लटकतं.

पीपीपीओईवरच्या (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीच्या) घरगुती जोडणीत हे हमखास सापडतं, कारण तिथे १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. तपासायचं तर ‘तुकडे करू नको’ ही अट घालून १४७२ बाइटचा पिंग मारावा. वरचे २८ बाइट हेडरचे, म्हणजे एकूण १५००. तो अडला आणि १४६४ चा गेला, तर निदान झालं. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे टीसीपीच्या पॅकेटचा आकार आधीच कमी ठरवून देणं, चालू केलं की बहुधा काम भागतं. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, त्यामुळे तिथे हा संदेश अडवणं जास्तच महागात पडतं. कोणते संदेश अडवू नयेत हे २००७ च्या आरएफसी ४८९० मध्ये नावानिशी दिलेलं आहे. आपल्या फायरवॉलमध्ये त्यातला ‘पॅकेट टू बिग’ चालू आहे की नाही, हे आयपीव्ही६ सुरू करण्याआधी बघून घ्यावं.