'बॉडी अँड सोल' : चाल मागे ठेवून वाजवलेलं गाणं

जॅझमधली बरीचशी 'स्टँडर्ड' गाणी, म्हणजे वादक-गायक पुन्हा पुन्हा घेतात ती, मुळात रंगभूमीसाठी झाली. 'बॉडी अँड सोल' त्यांतलंच. जॉनी ग्रीन यांनी १९३० मध्ये ब्रिटिश अभिनेत्री गर्ट्रूड लॉरेन्ससाठी त्याची चाल बांधली. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 'थ्रीज अ क्राउड'मध्ये लिबी होलमननं गायलं आणि ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगनं लगोलग रेकॉर्डही केलं.

विरहगीत आहे. बांधणी वरवर नेहमीची : ३२ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), आठ-आठचे चार भाग. पण तिसऱ्या भागात पट्टीच बदलते. हार्मोनियमच्या भाषेत, काळी एकमध्ये चाललेलं गाणं एकदम पांढरी दोनमध्ये चढतं, चार बारांनी पांढरी एकवर येतं आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरणाऱ्या कॉर्डांवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवरून) मूळ पट्टीत परततं. षड्ज अढळ धरून ऐकणाऱ्या आपल्या कानांना हा धक्काच असतो. वादकांना मात्र याच वळणांनी ओढून घेतलं.

त्यांत सर्वांत पुढे गेला कोलमन हॉकिन्स. पाच वर्षं युरोपात काढून तो १९३९ मध्ये अमेरिकेत परतला आणि ११ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्यानं हे गाणं टेनर सॅक्सोफोनवर वाजवलं. जीन रॉजर्सचा चार बारांचा पियानो, मग हॉकिन्स. सुरुवातीचे काही बार मूळ चाल ओळखू येते. नंतर ती जवळजवळ नाहीशीच होते. दोन आवर्तनं, ६४ बार, तो कॉर्डांच्या पोटातून नवी सुरावट काढत राहतो. सुरुवातीला आवाज मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा. दुसऱ्या आवर्तनात मागे इतर फुंकवाद्यं येतात, तसा तो रुंद आणि खरखरीत होत टिपेला जातो. ओळखीची चाल जवळपास नसतानाही ही तबकडी लोकांनी डोक्यावर घेतली. मला तर हेच तिचं सर्वांत मोठं यश वाटतं. पुढच्या दशकातल्या बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझ शैलीच्या वादकांनी कॉर्डांवरून विचार करण्याची जी वाट धरली, ती इथे लख्ख दिसते.

पुढे १९६० मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं बासचा, म्हणजे खर्जातला, एकच स्वर धरून ठेवत या गाण्याखालचे कॉर्ड बदलले. २०११ मध्ये टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस यांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ते गायलं. एमीचं हे अखेरचं स्टुडिओ ध्वनिमुद्रण. गायक एडी जेफर्सननं तर ग्रीन यांची चाल सोडून हॉकिन्सच्या सोलोलाच शब्द लावले. ते शब्द आहेत खुद्द हॉकिन्सच्या गौरवाचे.