सांडत्या भांड्यातलं यीस्ट

एप्रिलमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबाग पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. ऊस गाळप तोवर आटोपलेलं असतं, पण साठवलेल्या मळीवर, म्हणजे साखर काढल्यावर उरलेल्या दाट काकवीवर, डिस्टिलरी चालू ठेवता येते. अडचण गारव्याची. फर्मेंटर, म्हणजे मळी आंबवायची टाकी, थंड करायचं पाणीच कोमट असतं. साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला ३० ते ३२ अंश मानवतात. छत्तिशीच्या पुढे, त्यातही अल्कोहोल वाढत चाललं की ते मान टाकतं आणि साखर तशीच उरते. उष्णता सोसणारं यीस्ट एकेक वसाहत (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) तपासून शोधण्यापेक्षा निवडीचं काम भांड्यावरच सोपवावं.

मळ्यातल्या हौदात नळ चालू ठेवला की जेवढं पाणी येतं तेवढंच काठावरून सांडतं. केमोस्टॅट, म्हणजे ताजं खाद्य येत राहणारं आणि तेवढंच सांडत राहणारं भांडं, त्याचं तत्त्व एवढंच. १९५० साली फ्रान्समध्ये मोनो यांनी, तर अमेरिकेत नोविक आणि झिलार्ड यांनी ते स्वतंत्रपणे मांडलं. भांड्यात ५०० मिलिलिटर द्रव आणि ताशी ५० मिलिलिटर ताजं खाद्य असेल, तर टिकायला यीस्टला साधारण सात तासांत दुप्पट व्हावंच लागतं. मागे पडेल ते सांडव्यातून जातं. समजा, कोटीत एका पेशीत असं उत्परिवर्तन (पुढच्या पिढ्यांत उतरणारा जनुकातला बदल) झालं की तिचा वाढीचा दर बाकीच्यांपेक्षा ताशी ०.०३ ने जास्त आहे. बावीस-तेवीस दिवसांत तिचा वंश बाकीच्यांच्या बरोबरीला येतो.

पण इथेच बरेच जण फसतात. साध्या केमोस्टॅटमध्ये साखर तुटपुंजी असते, त्यामुळे जिंकते ती तुटपुंजी साखर चटकन उचलणारी पेशी, उष्णता सोसणारी नव्हे. शिवाय घड्याळ लावून तापमान वाढवलं तर घाईत सगळं यीस्ट वाहून जातं आणि भांड्यात नुसतं खाद्य उरतं. फार सबुरी दाखवली तर निवडीला धारच राहत नाही. ब्राउन आणि ऑलिव्हर यांनी १९८२ साली अल्कोहोल सोसणारं यीस्ट मिळवताना यावर सुरेख तोड काढली: बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर नजर. वायू ठरलेल्या पातळीच्या वर गेला की अल्कोहोलचा पंप चालू, यीस्ट दमलं आणि वायू घटला की बंद. किती त्रास द्यायचा ते यीस्टच ठरवतं. पंपाच्या जागी हीटर जोडला की हीच युक्ती उष्णतेलाही चालते.

मळीवर हे करायचं तर आधी ती निवळून घ्या. सम पाणी घालून, सल्फ्युरिक आम्लाने पीएच ४.५ वर आणून, ८०-९० अंशांवर तापवून रात्रभर ठेवा आणि वरचंच द्रावण घ्या. नाहीतर तळाचा कॅल्शियमचा गाळ पंपाची बारीक नळी तुंबवतो. ते ४-५ टक्के साखरेपर्यंत पातळ करून, निर्जंतुक करून मगच सोडा. पंपाची सिलिकॉन नळी दाबून दाबून सैल पडते आणि प्रवाह हळूहळू बदलतो, म्हणून सांडलेला द्रव रोज मोजावा.

सगळ्यात डांबिस प्रकार भिंतीचा. काचेला चिकटलेल्या किंवा गुठळ्या करून तळाशी बसलेल्या पेशी काहीही न सोसता टिकतात, आणि महिन्याभराने तुम्ही चिकट यीस्ट निवडलेलं असतं. आठवड्याला द्रव निर्जंतुक, नव्या भांड्यात हलवावा. अडतिशीला लॅक्टिक जीवाणू यीस्टला मागे टाकतात, म्हणून रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली हवाच. बारीक काड्या दिसल्या की तो प्रयोग मोडा. दर आठवड्याचा नमुना २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवलेला असला, तर मागे जाता येतं.

शेवटी मिळालेल्या वसाहती ग्लिसरॉल हेच एकमेव खाद्य असलेल्या माध्यमावर लावा. उष्णता आणि अल्कोहोल यांच्या माऱ्याने काही पेशींची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ग्लिसरॉलवर जगायला लागणारी पेशीतली ऊर्जेची भट्टी, निकामी होते. त्या तिथे वाढत नाहीत. वाढतील त्या ३० अंशांवर, ताणाशिवाय वीस पिढ्या वाढवा आणि मूळ यीस्टच्या शेजारी अडतीस अंशांवर, दाट मळीत आंबवायला ठेवा. फरक टिकला तर ते उत्परिवर्तन. विरला तर यीस्टला तेवढ्यापुरती सवय झाली होती.