कानबाईचा ताप, दिवाळीची फणी

खानदेशातल्या चोपड्याची माझी मावसबहीण दिवाळीला आली ती फणी हातात घेऊनच. "मना केस गयी ऱ्हायनात दादा, आते काय करू?" फणीत लिंबाएवढा गुंता. तिचा संशय शेतातल्या नव्या बोअरच्या खाऱ्या पाण्यावर, सासूबाईंचा शाम्पूवर. मी विचारलं, "श्रावणात कानबाईच्या सणाला काय करत होतीस?" म्हणाली, "कसली कानबाई! डेंग्यूने खाटेवर होते. प्रसादाचे रोटसुद्धा खाता आले नाहीत."

मग पाणीही निर्दोष सुटलं आणि शाम्पूही.

केसाचं मूळ केळीच्या कंदासारखं आहे. घड उतरला की खोड जातं, पण कंदातून पील, म्हणजे नवा कोंब, वर येतं. डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते आणि तीनेक महिने तो नुसता अडकून राहतो. शेवटी तो गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो. डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात. त्यातले 100 पैकी 85 ते 90 वाढत असतात, बाकीचे जायच्या वाटेवर. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं हा हिशेबातला खर्च आहे. फक्त रविवारी डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईला आठवड्याची गळती एकदम मोरीच्या जाळीवर दिसते आणि ती घाबरते, एवढंच.

मोठा ताप आला की शरीर आधी जीव सांभाळतं, केस वाढवण्याचं काम बाजूला ठेवतं. वाढीतले बरेच केस एकाच वेळी थांबतात. पण थांबलेला केस लगेच पडत नाही, त्याचे ते दोन-तीन महिने तो डोक्यावर काढतोच. म्हणून श्रावणातल्या तापाची गळती दिवाळीला दिसते, आणि माणूस मात्र मागच्या आठवड्यात काय बदललं ते शोधत बसतो. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, वजन उतरवायला केलेली उपासमार, सगळ्यांचं गणित हेच. मूळ जिवंत असतं, त्यामुळे बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते.

बहिणीच्या फणीतला एक केस मी खिडकीच्या उजेडात धरला. टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक पांढरी गाठ होती. म्हणजे तो आपली पाळी संपवून मुळासकट आलेला. गाठ नसती तर मधेच तुटलेला. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. पण मूळ कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल असतं, बोअरचं पाणी तिथवर जात नाही.

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारं पुरुषांचं टक्कल ही वेगळी गोष्ट. इथे पुरुषी संप्रेरकापासून बनणारं डीएचटी ज्यांच्या मुळांना सोसत नाही, त्यांच्या मुळातून येणारं प्रत्येक पील आधीच्यापेक्षा बारीक आणि अल्पायुषी निघतं. केळीच्या नवतीनंतर (नव्या लागवडीनंतर) पिलांची पिलबाग, तिच्यानंतर त्याहून हलकी, शेवटी नुसती लव. संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. बायकांमध्ये भांग रुंद होत जातो. दोष आईकडच्या मामांवर टाकायची आपल्याकडे रीत आहे. ती अर्धीच खरी, वडिलांकडूनही हे येतं.

या टकलावर पुरावा असलेली औषधं मोजकी. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि 1988 साली अमेरिकेत ती डोक्याला लावायचं औषध झाली. सुरुवातीचे काही आठवडे काहींचे केस उलट जास्त गळतात. लोक इथेच बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि औषध बंद केलं की मिळवलेलं जातं. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं. पुरुषांसाठी, तेही डॉक्टरांना विचारूनच. काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि गरोदर बाईने ते घेऊच नये. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खपतात भरपूर, पण त्याची कमतरता फार थोड्यांना असते. वर त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेतलेलं बरं. कांद्याच्या रसाबद्दल विचाराल तर 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी तो चाईवर करून पाहिला होता, पण छोट्या अभ्यासात. चाई म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशी मुळांवर उठतात, गोल चकती रिकामी होते. तिचा या टकलाशी संबंध नाही.

तीन महिन्यांच्या हिशेबाला अपवादही आहेत. 2024 च्या डिसेंबरअखेरीस आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना काही दिवसांतच टक्कल पडलं. पहिला संशय तिथेही पाण्यावर. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या अति सेलेनियमकडे बोट दाखवलं. केमोथेरपीतही असंच घडतं: वाढत्या केसावरच घाव बसतो, मग तो केस पडायला महिने लागत नाहीत.

बहिणीला मी तेलही दिलं नाही आणि गोळीही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली तेव्हा कपाळाच्या कडेने तीन बोटं लांबीचे केस ताठ उभे होते, वेणीत न मावणारे. झोक्यावर बसल्या बसल्या ती ते हाताने चापत होती. म्हणाली, "दादा, आता हे बसवायचे कसे?"