फ्लोअर वेज : १७६ की ३७५?

किमान वेतनाचा कायदा १९४८चा. पण वेतनाचा हिशेब कसा करायचा, हे ठरायला १९५७ उजाडले. त्या वर्षीच्या त्रिपक्षीय (सरकार, मालक आणि कामगार यांच्या) परिषदेने चौघांचे कुटुंब धरले. मात्र कमावत्याचे पोट १, बायकोचे ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६ मोजून बेरीज केली ३ एकके. दर एककाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन-दिवाबत्ती. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी २५ टक्क्यांचा वाटा न्यायालयाने जोडला, तो थेट १९९१मध्ये.

खरा गुंता ‘फ्लोअर वेज’चा, म्हणजे ज्याखाली कुठल्याही राज्याचे किमान वेतन जाऊ नये अशा तळाच्या दराचा. १९९६मध्ये केंद्राने दिवसाला ३५ रुपये ही राष्ट्रीय पातळी जाहीर केली. बातम्यांत तिला सर्रास ‘राष्ट्रीय किमान वेतन’ म्हटले गेले. प्रत्यक्षात ते राज्यांना केलेले आवाहन होते. एखाद्या राज्याचा दर त्याखाली राहिला तरी कायदा मोडत नव्हता. महाराष्ट्रात मूळ वेतन आणि दर सहामाहीला बदलणारा विशेष भत्ता अशी वेगळी रचना असल्याने इथल्या कामगाराला या आकड्याची फारशी झळही नाही आणि लाभही नाही. २०१७पर्यंत ही पातळी १७६ रुपयांवर आली होती.

मग केंद्रानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१९च्या सुरुवातीला आला. तिने कॅलरी २४००वर आणल्या, पण प्रथिने आणि स्निग्धांश हिशेबात घेतले, तीनऐवजी ३.६ एकके धरली आणि आकडा सांगितला ३७५ रुपये रोज, म्हणजे २६ दिवसांचे ९,७५० रुपये. शहरात घरभाडे वेगळे. कॅलरी घटवल्याबद्दल कामगार संघटनांचा आक्षेप रास्तच होता. त्यांची मागणी तर महिन्याला १८,०००ची होती. पण त्याच जुलैमध्ये वाढ जाहीर झाली ती २ रुपयांची : १७८. स्वतःच मागवलेला हिशेब बाजूला का ठेवला, याचे पटेल असे उत्तर सरकारकडून आले नाही. उद्योगांना परवडत नाही, हे कारण नेहमीचेच.

त्याच वर्षी वेतन संहिता संमत झाली आणि फ्लोअर वेजला पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. राज्यांना त्याखाली जाता येणार नाही, आणि आधीच जास्त असलेला दर कमीही करता येणार नाही. संहिता लागू व्हायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. वेगवेगळ्या भौगोलिक भागांसाठी वेगवेगळी फ्लोअर वेज ठरवण्याची मुभाही तिच्यात आहे. म्हणजे ‘राष्ट्रीय’ तळ एकच असेल, असेही नाही.